विश्वोत्पत्तीचे फलक: ‘महास्फोट’, ‘शून्य’, ‘कारण’ यांच्या व्याख्या तपासून हव्यात

खाडीकाठ

देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयात जानेवारीत तीन दिवसांचं प्रदर्शन आहे. विषय विश्वाची उत्पत्ती. एका भिंतीवर भौतिकशास्त्र, समोरच्या भिंतीवर तत्त्वज्ञान. बारा फलक, प्रत्येक 3 बाय 2 फूट, एका फलकावर जास्तीत जास्त 45 शब्द. बघणारे म्हणजे आठवीपासूनची मुलं, त्यांचे शिक्षक आणि संध्याकाळी बाजार आटपून डोकावणारी मोठी माणसं. मसुदे तयार आहेत, पण काही ठिकाणी पाय घसरतोय असं वाटतं. अडलंय तेवढंच देतो.

महास्फोट: “सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी एका अतिसूक्ष्म बिंदूचा प्रचंड स्फोट झाला आणि अवकाशात सर्वत्र द्रव्य फेकले गेले.”

सिंग्युलॅरिटी: “विश्वाचा पहिला क्षण, जेव्हा घनता अनंत होती.” याला मराठी शब्द कोणता वापरावा?

शून्य: “विश्व शून्यातून निर्माण झाले. आधुनिक विज्ञान या शून्यालाच क्वांटम निर्वात म्हणते.”

कारण: “प्रत्येक गोष्टीला कारण असते, म्हणून विश्वालाही कारण असलेच पाहिजे.”

हेलियम: “या मूलद्रव्याचा शोध 18 ऑगस्ट 1868 रोजी विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.” किल्ला तालुक्यातलाच, त्यामुळे हा फलक हवाच असा सगळ्यांचा आग्रह आहे. पण विश्वोत्पत्तीशी तो जोडायचा कसा?

आणि एक. कोणतरी विचारतलोच, ‘मगे त्याच्या आधी काय होतां?’ फलकाशेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने काय सांगावं?

तांबडी_रेघ

पहिल्या मसुद्यातल्या सगळ्या चुका ‘स्फोट’ या एका शब्दातून आल्यात. सुरुंग उडतो तेव्हा त्याला मध्य असतो, बाहेर रिकामी जागा असते आणि दगड त्या जागेत उडतात. इथे यातलं काहीच नाही. द्रव्य अवकाशात फेकलं गेलं नाही, अवकाशच ताणलं गेलं, आणि ते सगळीकडे एकदम. ‘एका बिंदूचा’ हेही काढा. आज आपल्याला दिसू शकणारा भाग (त्रिज्या सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षं) एके काळी अतिशय लहान होता, इतकंच म्हणता येतं. सगळं विश्व सांत की अनंत हे ठरलेलं नाही. अनंत असेल तर ते तेव्हाही अनंतच होतं, फक्त दाट होतं.

गंमत अशी की ‘बिग बँग’ हे नाव देणारा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल याच सिद्धांताचा विरोधक. 28 मार्च 1949 च्या बीबीसी रेडिओवरच्या भाषणात त्याने ते वापरलं आणि ते कायमचं चिकटलं. आता ‘महास्फोट’ बदलता येणार नाही, लोक तोच शब्द ओळखतात. पण व्याख्येच्या आत ‘स्फोट’ पुन्हा येऊ देऊ नका. माझा मसुदा:

“महास्फोट: सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होते. तेव्हापासून अवकाश प्रसरण पावत आहे आणि विश्व निवत आहे. महास्फोट सिद्धांत हा या निवण्याचा हिशेब आहे. सुरुवात कशामुळे झाली हे तो सांगत नाही.”

जागा कमी पडली तर मधलं काहीही कापा, शेवटचं वाक्य ठेवा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

प्रसरण दाखवायला फुगा वापरू नका. फुग्याला आत मध्य असतो, तोंड असतं, आणि मुलं नेमकं तिथेच बोट ठेवून ‘स्फोट इथे झाला ना?’ विचारतात. त्यापेक्षा शिवणाच्या दुकानात मिळणारं अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक 1 मीटर घ्या. दर 10 सेंटिमीटरवर शर्टाचं बटण लावा, प्रत्येक बटण म्हणजे एक दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह), पण मधोमध एकाच टाक्यात. बटण आडवं शिवलंत तर तेवढा तुकडा ताणला जात नाही आणि मापं बिघडतात. पेनाच्या खुणा नकोच. त्या इलॅस्टिकबरोबर स्वतःही लांबतात, आणि दीर्घिका तर लांबत नाहीत, त्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या असतात. सहा फुटी टेबलावर मोजपट्टी चिकटवा, पहिलं बटण शून्यावर धरून इलॅस्टिक दीडपट ताणा. 10 चं बटण 15 वर जातं, 20 चं 30 वर, 40 चं 60 वर. म्हणजे सरकले 5, 10 आणि 20 सेंटिमीटर: जितकं लांब, तितकं जास्त. आता 20 वालं बटण ‘आपण’ समजा. 40 वालं त्याच्यापासून 20 वर होतं, ते 30 वर गेलं, म्हणजे 10 सरकलं. शून्यावरून बघताना 20 वालंही 10 च सरकलं होतं. कुठल्याही बटणावर बसा, मधोमध आपणच आहोत असं वाटतं. 1927 मध्ये लमेत्र आणि 1929 मध्ये हबल या खगोलशास्त्रज्ञांनी दीर्घिकांबद्दल जे मांडलं ते हेच. ‘इलॅस्टिकला टोक आहे, मग विश्वाला?’ असं कोणी विचारलं तर दोन्ही टोकं जोडून कडं करा. कड्यावर फिरणाऱ्या मुंगीला टोक सापडत नाही आणि मध्यही सापडत नाही.

वयाचा हिशेब नववी-दहावीच्या शिक्षकांना देता येईल. दर मेगापार्सेकला सेकंदाला 70 किलोमीटर हा प्रसरणाचा दर घ्या. एक मेगापार्सेक म्हणजे 3.086 गुणिले 10 चा 19 वा घात किलोमीटर. त्याला 70 ने भागलं की 4.41 गुणिले 10 चा 17 वा घात सेकंद येतात, वर्षांत सुमारे 1400 कोटी. हे वय नव्हे. प्रसरणाचा वेग कायम तोच राहिला असता तर लागला असता तो काळ. प्रत्यक्षात प्रसरण आधी मंदावत गेलं आणि मग वेग घेऊ लागलं (हे 1998 मध्ये कळलं). दोन्ही फरक एकमेकांना जवळपास खातात म्हणून उत्तर 1380 च्या इतकं जवळ पडतं. कोणी 67.4 घेऊन 1450 कोटी काढेल, कोणी 73 घेऊन 1340. दोन्ही आकडे खऱ्या मोजण्यांचे आहेत, पहिला प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून, दुसरा सेफिड (लयीत तेज बदलणारे) तारे आणि अतिनवताऱ्यांवरून (ताऱ्यांच्या स्फोटांवरून), आणि ते जुळत का नाहीत हा आज चालू असलेला वाद आहे. फलकावर तो घालू नका, 45 शब्दांत मावणार नाही.

आकाशात सगळीकडून येणाऱ्या मंद पार्श्वभूमी प्रारणाला बहुतेक ठिकाणी ‘महास्फोटाचा प्रकाश’ म्हणतात, ते चूक. तो सुमारे 3,80,000 वर्षांनंतरचा प्रकाश आहे. तोवर मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नव्हते. तापमान 3000 केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये अडकले आणि खाडीवरचं धुकं विरावं तसं विश्व पारदर्शक झालं. नंतर अवकाश सुमारे 1100 पट ताणलं गेलं. 3000 भागिले 1100 म्हणजे 2.7, मोजलेलं तापमान 2.725 केल्विन. हे फोटॉन (प्रकाशाचे कण) आज प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये सुमारे 411 आहेत. चहाच्या रिकाम्या पेल्यातही, रात्री कुलूप लावलेल्या वाचनालयातही.

सिंग्युलॅरिटी हा शब्द तसाच ठेवा. ‘विलक्षणता’ लिहिलंत तर मराठी वाचकाला ‘अजब प्रकार’ असं ऐकू येतं. आणि ‘पहिला क्षण’ ही व्याख्या सरळ चुकीची. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेत तिचा अर्थ असा की एखाद्या कणाचा मार्ग मागे मागे नेला तर तो मर्यादित काळातच संपतो आणि समीकरणं पुढे काही सांगू शकत नाहीत. रस्त्याचा नकाशा संपतो तशी ती जागा आहे. रस्ता संपला की नाही हे नकाशावरून कळत नाही. याच्या मुळाशी असलेलं समीकरण कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींचं, 1955 चं. पेनरोजचं 1965 चं प्रमेय आणि हॉकिंग-पेनरोज यांचं 1970 चं त्यावर उभं आहे. रायचौधुरींचं नाव फलकावर जरूर घ्या. प्लांक काळ, म्हणजे सुमारे 5.4 गुणिले 10 चा उणे 44 वा घात सेकंद, हाही ‘पहिला क्षण’ नव्हे. त्याच्याही आधी आजचं गणित भरवशाचं राहत नाही एवढीच ती खूण.

घटपट

तत्त्वज्ञानाच्या भिंतीकडे वळतो. ‘शून्य’ हा मसुदा चार वेगळ्या गोष्टींना एका दोरीत बांधतो. गणितातलं शून्य ही संख्या. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता म्हणजे वस्तूंना स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नसणं. वस्तू नाहीत असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. क्वांटम निर्वात ही भौतिक अवस्था आहे: तिच्यात क्षेत्रं असतात, ऊर्जा असते, नियम लागू असतात. कॅसिमिर या भौतिकशास्त्रज्ञाने 1948 मध्ये सांगितलं होतं की धातूच्या दोन पट्ट्या निर्वातात अगदी जवळ आणल्या तर एकमेकींकडे ओढल्या जातील. 1997 मध्ये ते नीट मोजलं गेलं. जे ओढतं त्याला ‘काहीच नाही’ कसं म्हणणार? आणि चौथं म्हणजे खरोखरच काहीही नसणं. विलेन्किन (1982) किंवा हार्टल-हॉकिंग (1983) यांच्या ‘शून्यातून विश्व’ या मांडणीतसुद्धा अवकाश-काळ नसतात, पण क्वांटम नियम गृहीत धरलेले असतात. म्हणून ‘यालाच म्हणते’ हे वाक्य जाऊ द्या.

इथे न्याय आणि वैशेषिक या दोन भारतीय दर्शनांची अभावाची (नसण्याची) चर्चा फार कामाची आहे. तिच्यासाठी अख्खा फलक द्यावा असं माझं मत. त्यांच्या मते ‘नाही’ हे कधीच सुटं नसतं. ‘खळ्यात घागर नाही’ म्हटलं की जिचा अभाव आहे ती घागर हा प्रतियोगी, आणि जिथे अभाव आहे ते खळं हे अधिकरण. दोन्ही सांगितल्याशिवाय ‘नाही’ला अर्थ येत नाही. प्रकार चार. घागर घडण्याआधी मातीत तिचा प्रागभाव असतो. त्याला सुरुवात नाही, पण घागर झाली की तो संपतो. फुटल्यावरचा प्रध्वंसाभाव, त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. वाऱ्याला रंग नाही हा अत्यंताभाव, तिन्ही काळांतला. घागर म्हणजे कापड नव्हे हा अन्योन्याभाव.

आता ‘विश्वाआधी काहीच नव्हतं’ हे वाक्य या चौकटीत बसवून बघा. प्रतियोगी विश्व. अधिकरण? खळंही विश्वातलंच. प्रागभाव म्हणाल तर तो राहायला माती हवी. म्हणजे ते वाक्य खोटं ठरतं असं नाही, ते पुरं होत नाही. नैयायिकांची (न्याय दर्शनवाल्यांची) स्वतःची सुटका सोपी होती, कारण त्यांच्याकडे परमाणू, दिक् आणि काल नित्यच आहेत. निखळ शून्यातून काही आलं असं ते म्हणतच नाहीत. फलकाशेजारी ओटीवर एक घागर ठेवा, मग उचलून घ्या आणि मुलांना विचारा, ‘काय नाही? कुठे नाही?’ बाकी समजावून सांगावं लागत नाही.

फलकासाठी: “शून्य: संख्या शून्य, भौतिकशास्त्रातले निर्वात आणि ‘काहीही नसणे’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्वातात क्षेत्रे आणि ऊर्जा असतात. ‘काहीही नसणे’ मोजता येत नाही. त्याबद्दलचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे.” नागार्जुनाला यात कोंबू नका, त्याला वेगळी जागा मिळत नसेल तर राहू दे.

‘कारण’च्या मसुद्यात उडी आहे. जाळ्यातला प्रत्येक धागा हातभर लांब असला म्हणून जाळं हातभर ठरत नाही. प्रत्येक भागाला लागू असलेलं समूहाला लागू होईलच असं नाही. दुसरं, ‘प्रत्येक गोष्टीला’ हेही निर्विवाद नाही. युरेनियम-238 चा अर्धायुकाल 447 कोटी वर्षं हे पक्कं, पण अमुक अणुकेंद्रक याच क्षणी का फुटलं याचं कारण प्रचलित क्वांटम सिद्धांत देत नाही, फक्त संभाव्यता देतो. तिसरं म्हणजे कोणतं कारण? वैशेषिक तीन मोजतात: घागरीचं समवायी कारण माती, असमवायी कारण तिच्या भागांचा संयोग, निमित्त कारण कुंभार. ‘विश्वाचं कारण’ म्हणणाऱ्या दोघांत बहुतेक वेळा एक मातीबद्दल बोलत असतो, दुसरा कुंभाराबद्दल, आणि भांडण तासभर चालतं. सांख्यांच्या सत्कार्यवादात कार्य कारणात आधीच असतं, खोबऱ्यात तेल असावं तसं. वैशेषिकांच्या आरंभवादात ते नव्याने सुरू होतं. अद्वैतींचा विवर्त म्हणजे काळोखात सुंभाच्या दोरीवर दिसलेला साप. तीन ओळींत तिन्ही मावतील.

मसुदा: “कारण: ‘कशापासून?’ आणि ‘कोणामुळे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विश्वातील घटनांना कारणे असतात. संपूर्ण विश्वाला ती लागू होतात का, यावर मतभेद आहेत.”

बुरुजावरून

हेलियमचा फलक ठेवा, पण ते वाक्य बदला. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणावरून गेला हे खरं. पण हेलियमला नाव देणारा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ अनेकांना दिसली आणि ती सोडियमची समजली गेली. लॉकियरने 20 ऑक्टोबर 1868 ला इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि ती रेघ सोडियमच्या जागी बसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. सोडियमच्या जोडरेघा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर, ही 587.6 वर. दीड नॅनोमीटरचाही फरक नाही, सगळा शोध तेवढ्यात आहे. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला 1895 मध्ये क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजात मिळाला.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आला तो 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. त्यामुळे फलकावर “हेलियमला नाव देणारा लॉकियर 1898 मध्ये सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी विजयदुर्गला आला होता” असं लिहा. तालुक्याचा मान कमी होत नाही, आणि जाणकार माणूस समोर उभा राहिला तर खाली बघावं लागत नाही. प्रदर्शन जानेवारीतच आहे, 22 तारीख साधता आली तर उत्तमच.

विश्वोत्पत्तीशी दुवा थेट आहे. पहिल्या सेकंदाच्या आसपास सहा प्रोटॉनमागे एक न्यूट्रॉन उरला. मोकळा न्यूट्रॉन सरासरी 880 सेकंदांत मोडतो, म्हणून काही मिनिटांत प्रमाण सातास एक झालं. तापमान 100 कोटी अंशांच्या खाली आल्यावर ड्यूटेरियम (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचं केंद्रक) टिकू लागलं आणि जवळजवळ सगळे न्यूट्रॉन हेलियमच्या केंद्रकांत गेले. चिंचोक्यांनी दाखवा: सोळा चिंचोके घ्या, दोनांना चुना लावा, ते न्यूट्रॉन. दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून एक हेलियम, उरले बारा हायड्रोजन. वस्तुमान 16 पैकी 4, म्हणजे 25 टक्के. सगळ्यांत जुन्या वायूत मोजलेलं हेलियमचं प्रमाण त्याच्याच आसपास आहे. फणसाच्या आठळ्या आणि काजूबिया असं मिश्रण घेऊ नका. आकार वेगळे दिसले की मुलांना न्यूट्रॉन पुष्कळ जड वाटतो. आणि ‘25 टक्के’च्या पुढे ‘वस्तुमानाने’ हा शब्द हवाच, कारण अणू मोजले तर तेरांत एकच हेलियम आहे, 8 टक्क्यांच्या आत.

कार्बन, ऑक्सिजन का नाही झाले, हा प्रश्न हमखास येतो. 5 आणि 8 वस्तुमानांकाचं स्थिर केंद्रकच नाही. पायऱ्याच गाळलेल्या जिन्यासारखं. तोवर विश्व विरळ आणि थंडही झालं. ते काम पुढे ताऱ्यांनी केलं.

एक सावधगिरी. ‘हा बघा महास्फोटातला हेलियम’ म्हणून गॅसचा फुगा टांगायचा मोह होईल. बाटलीतला हेलियम हा जमिनीखालच्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून साठलेला असतो. आदिम हेलियम सूर्यात, गुरूत, आंतरतारकीय वायूत शोधायचा. शिवाय जत्रेतल्या स्वस्त फुग्यात बऱ्याचदा हायड्रोजनच असतो, आणि तो समईजवळ गेला तर पेटतो. उद्घाटनाला समई असणारच.

खाडीकाठ

घागर, चिंचोके, इलॅस्टिक, तिन्ही सामान इथेच मिळतं, बरं झालं. अजून दोन. एका फलकात “आपल्या पूर्वजांनी कल्प 432 कोटी वर्षांचा सांगितला, विज्ञानाने आता तेच सिद्ध केले” असं आहे. आणि ‘इन्फ्लेशन’ला भाषांतराच्या यंत्राने ‘चलनवाढ’ दिलंय, ते हसून काढून टाकलं. पण मग काय लिहायचं?

घटपट

‘सिद्ध केले’ काढा. 432 कोटी म्हणजे 43,20,000 वर्षांची चतुर्युगी गुणिले 1000. हा कालगणनेतला गुणाकार आहे. विश्वाचं मोजलेलं वय 1379 कोटी, अधिक-उणे 2 कोटी; पृथ्वीचं सुमारे 454 कोटी. कल्प यातल्या एकाशीही जुळत नाही, पृथ्वीच्या वयाजवळ पडतो एवढंच. ज्याच्याशी जुळेल तो आकडा निवडायचा ही मोजणी नव्हे. कल्पाची खरी गंमत वेगळीच आहे: सृष्टी आणि प्रलय फिरत राहतात, एकच आरंभ नाही, ही कल्पना. ‘सृष्टी’ शब्दातला ‘सृज्’ म्हणजे सोडणे, बाहेर टाकणे. काहीच नसताना घडवणे असा त्याचा अर्थ नाही. हे लिहा.

वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या परमाणूबद्दलही असा फलक असेल तर तपासा. वैशेषिक परंपरेत झरोक्यातल्या उन्हात दिसणारा धूलिकण म्हणजे त्र्यणुक, सहा परमाणूंचा. काचेच्या कौलातून उतरणाऱ्या उन्हात तरंगणाऱ्या तसल्या कणात आजच्या अर्थाचे अणू लाखो कोटी असतात. कल्पना म्हणून ती देखणी आहे, आकड्यांशी लग्न लावायला जाऊ नये.

तांबडी_रेघ

‘इन्फ्लेशन’ तसंच लिहा, किंवा ‘स्फीती’. मांडणी भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथची, 1981. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांचं तापमान लाखात एक भागापर्यंत सारखं कसं, ते कधी एकमेकांच्या संपर्कात आले, याचं उत्तर द्यायला ती आली: अगदी सुरुवातीच्या क्षुल्लक काळात अवकाश प्रचंड वेगाने ताणलं गेलं. बरंच काही जुळतं, पण तिची थेट खूण असलेल्या आदिम गुरुत्वीय लहरी सापडलेल्या नाहीत. मार्च 2014 मध्ये सापडल्याची घोषणा झाली, नंतर तो आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा प्रभाव निघाला. म्हणून एक सुचवतो: प्रत्येक फलकाच्या डाव्या कडेला रंगाची पट्टी लावा. हिरवी म्हणजे मोजलेलं (प्रसरण, प्रारण, हेलियम). पिवळी म्हणजे जोरदार पण न ठरलेलं (इन्फ्लेशन, आकुंचनानंतर विश्वाची उसळी, शून्यातून विश्व). पांढरी म्हणजे मोजून न सुटणारा प्रश्न: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे. तो जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने 1714 मध्ये विचारला, अजून तसाच आहे. मुलं पट्टी बघूनच अर्धं समजतात.

नारळीकरांचा फलक पिवळ्या पट्टीखाली घ्या. हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या अर्धस्थिर विश्वात एकच आरंभ नव्हता. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ती मांडणी स्वीकारली नाही. हे दोन्ही लिहा. कोल्हापूरला जन्मलेला माणूस म्हणून फक्त आरती करू नका, आणि मान्य झालं नाही म्हणून गाळूही नका.

‘आधी काय होतां?’ला स्वयंसेवकाने तीन पर्याय सांगावेत. एक, काळच तिथे सुरू झाला असेल तर ‘आधी’ला जागाच नाही, घाटावरच्या गावात ‘आज भरती किती वाजता’ विचारण्यासारखं. प्राचीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ ऑगस्टीननेही काळ सृष्टीबरोबरच सुरू झाला असं म्हटलं होतं. दोन, आधी वेगळी अवस्था असेल: आकुंचन पावणारं विश्व, किंवा इन्फ्लेशन. तीन, काळ नित्य असेल, जसा नैयायिक मानतात, तर प्रश्न योग्य आहे. कोणी बोर्डे-गुथ-विलेन्किनचं 2003 चं प्रमेय पुढे केलं तर एवढंच सांगा: सरासरीने प्रसरणच पावत असलेलं विश्व भूतकाळात अनंत मागे नेता येत नाही, असं ते म्हणतं. त्याच्या पलीकडे ‘काही नव्हतं’ असं ते म्हणत नाही. सगळं सांगून झाल्यावर ‘यातला कुठला खरा ते अजून ठरलेलं नाही’ हे बोलायला लाजू नये.

छपाईची_शाई

मजकुरावर बोलत नाही, छपाईवर बोलतो. घात आकड्यात लिहू नका. युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टात बदलताना वर चढवलेले आकडे खाली येतात, उणेचं चिन्ह उडतं, आणि 10 चा उणे 44 वा घात फ्लेक्सवर 1044 होऊन बसतो. ‘1 भागिले 1 वर 44 शून्ये’ असं शब्दांत द्या. ‘ट्रिलियन’ला खर्व लिहू नका, खर्व म्हणजे 1000 कोटी, हिंदीतला खरब 10,000 कोटी, ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी. सगळे फलक कोटीतच ठेवा, अब्ज आणि कोटी मिसळले की बघणारा शून्यं मोजत बसतो. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर इंचभर हवं. फ्लेक्स चकचकीत नको, मॅट घ्या. खिडकीसमोर चकचकीत फलकावर फक्त खिडकी दिसते.

खाडीकाठ

पट्ट्यांची कल्पना घेतली. प्रश्नोत्तरांच्या जागेवर हा फलक लावतोय: “महास्फोटाआधी काय होते? काळ तेव्हाच सुरू झाला असेल, तर त्याआधी काहीच नव्हते. नसेल, तर आधी वेगळी अवस्था असू शकेल. उत्तर अजून मिळालेले नाही.” पट्टी पिवळी. चालेल?

घटपट

पट्टी बरोबर. दुसरं वाक्य पुन्हा खळ्यात जाऊन पडलं. काळ तेव्हाच सुरू झाला असेल तर ‘त्याआधी’ असं काही उरतच नाही, मग त्यात ‘काहीच नव्हते’ हे तरी कुठे ठेवणार? “…तर ‘आधी’ या शब्दाला अर्थ राहत नाही” असं करा.

खाडीकाठ

केलं. 26 शब्द झाले.